पेट्रोल इंजिनाच्या मोठ्या आर.सी. (रेडिओ कंट्रोल, म्हणजे दूरनियंत्रित) विमानाची जुळणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मोठे’ विमान म्हणजे नेमके किती मोठे?

आंतरराष्ट्रीय मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशनच्या व्याख्येनुसार एकपंखी विमानाचा पंखविस्तार किमान ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सेंटिमीटर, किंवा दुपंखी विमानाचा किमान ६० इंच असला, की ते ‘जायंट स्केल’ या वर्गात मोडते. प्रत्यक्षात मात्र हौशी मंडळी इंजिनाच्या सीसीवरूनच बोलतात. ३० ते ३५ सीसीचे इंजिन साधारण ७४ ते ८० इंची विमानाला पुरते, ५० ते ६० सीसीचे ८५ ते ९० इंचीला आणि १०० ते १२० सीसीचे त्याहून मोठ्या, शंभर इंचांच्या पुढच्या विमानाला. खालची उत्तरे ५० ते ६० सीसीचे, उड्डाणास सिद्ध झाल्यावर सात-आठ किलो भरणारे विमान डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

किट ‘जवळजवळ तयार’ म्हणून मिळते. मग काम उरते तरी किती?

पंख, धड आणि शेपूट कारखान्यात बांधून, त्यांवर रंगीत फिल्म चढवून आलेली असते, हे खरे. परंतु बिजागऱ्या, कंट्रोल हॉर्न (हलत्या भागावर बसणारा, दांडी जोडायचा कान), सर्वो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणारी छोटी मोटर), इंजिन, टाकी, इग्निशन (ठिणगी देणारी यंत्रणा), चाके आणि सगळे वायरिंग आपल्यालाच बसवायचे असते. सवडीने केल्यास दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी यात सहज जातात. त्यातही भाग जोडायला लागणारा वेळ थोडा असतो. जोडलेले आणि जोडून आलेले तपासणे, घट्ट करणे आणि ते सुटणार नाही याची तजवीज करणे, यातच खरा वेळ जातो. विजेवर चालणाऱ्या विमानात जो ढिलेपणा वर्षभर खपून जातो, तोच पेट्रोल इंजिनाच्या थरथरीपुढे एका दुपारीही टिकत नाही.

खोके उघडल्यावर सर्वांत आधी काय करावे?

सूचनापुस्तिकेचे पहिले पान नव्हे, तर विमानाचे नाक उघडावे. इंजिन ज्या लाकडी पेटीवर बसते ती पेटी आणि तिच्या तोंडाची फायरवॉल (इंजिनाचे बोल्ट जिच्यात बसतात ती फळी) यांचे सांधे चांगल्या उजेडात, विजेरी आतून धरून, एकेक करून पाहावेत. सांध्याच्या दोन्ही अंगांनी डिंक बाहेर आलेला दिसला पाहिजे. जिथे प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये केसाएवढी काळी रेघ दिसते, तिथे डिंक पोहोचलेलाच नाही असे समजावे. अंगठ्याने दाबून पाहावे, नखाने टकटक करून ऐकावे. चिकटलेला सांधा टणक वाजतो आणि सुटलेला भदभदीत.

रेघ बारीक असेल, तर पातळ सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) तिच्यात स्वतःहून ओढले जाते. फायरवॉलच्या आतल्या कोपऱ्यांत मात्र त्यावर भागवू नये. तिथे तिकोनी लाकडी पट्ट्या अर्ध्या तासात घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने बसवाव्यात आणि मग पेटीच्या सर्व उघड्या लाकडावर पातळ इपॉक्सीचा हात फिरवावा, म्हणजे तेल मुरून लाकूड भुसभुशीत होणार नाही. पाच मिनिटांचे इपॉक्सी या कामी वापरू नये, कारण ते लाकडात मुरण्याआधीच घट्ट होऊ लागते.

फिल्मवर सुरकुत्या आहेत. त्या इस्त्रीने जातील का?

बहुतेक जातात. आधी कडा आणि जोड कमी उष्णतेवर दाबून पक्के करावेत आणि नंतरच मधला भाग तापवून ताणावा. उलट क्रमाने केल्यास आकसणारी फिल्म कडेपासून सुटते. हॉट एअर गन दोन रंगांच्या जोडावर धरू नये. हवामान बदलले की काही सुरकुत्या परत येतात. त्यासाठी जीव टाकू नये, फक्त पंखाच्या पुढच्या कडेला आणि बिजागऱ्यांपाशी फिल्म सुटलेली नाही एवढे पाहावे.

जुळणीचा क्रम पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा का?

पुस्तिका बहुधा पंखांपासून सुरू होते आणि बॅटरीची जागा मध्येच कुठेतरी ठरवून टाकते. आमच्या मते शेपूट, पंख, चाके, इंजिन, टाकी असा क्रम ठेवून बॅटऱ्या आणि इग्निशनची पेटी शेवटासाठी राखाव्यात, कारण गुरुत्वमध्य जमवण्यासाठी शिसे न घालता हलवता येतील अशा वस्तू याच. (पुस्तिकेतली छायाचित्रे अनेकदा जुन्या आवृत्तीची असतात, चित्रातले भोक आपल्या धडावर नसेल, तर गडबडून जाऊन ते पाडू नये. आधी सगळे भाग कोरडे लावून पाहावेत.)

बिजागऱ्या कशा बसवाव्यात?

या प्रश्नाला घाईने उत्तर देता येत नाही, कारण मोठी विमाने हवेत मोडतात ती बरेचदा इथूनच. मोठ्या विमानात कागदी पट्टीच्या बिजागऱ्या चालत नाहीत. खिळीच्या गोल बिजागऱ्या लागतात. काही किटमध्ये त्या कारखान्यातच चिकटवलेल्या येतात. अशा वेळी प्रत्येक पृष्ठभाग, म्हणजे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग), एलेव्हेटर (शेपटीचा आडवा हलता भाग) आणि रडर (शेपटीचा उभा हलता भाग), हातात धरून, एकेका बिजागरीपाशी ठामपणे ओढून पाहावा. सुटायची असेल तर ती टेबलावरच सुटू द्यावी.

स्वतः बसवताना खिळीच्या सांध्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी लहान ठिपका लावावा, म्हणजे इपॉक्सी तिथे धरणार नाही. मग भोकाच्या आत टूथपिकने इपॉक्सी फिरवून बिजागरी अशी बसवावी की खिळीचा आस पृष्ठभागाच्या तिरप्या कडेच्या बरोबर मध्यावर, आणि सगळ्या बिजागऱ्यांचे आस एका सरळ रेषेत येतील. एक जरी आस पुढे-मागे राहिला तरी पृष्ठभाग जड फिरतो, सर्वो सतत करंट ओढत राहतो आणि त्याचे कारण पुढे बॅटरीत शोधले जाते. इपॉक्सी घट्ट होण्यापूर्वी पृष्ठभाग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावा.

पंख आणि एलेरॉन यांच्यातली फट शक्य तितकी कमी, एक मिलिमीटरच्या आत असावी आणि खालच्या बाजूने पारदर्शक चिकटपट्टीने बंद करावी. फटीतून हवा खालून वर निसटली की नियंत्रण मऊ पडते, आणि पृष्ठभाग हवेत फडफडू लागण्याची, म्हणजे ‘फ्लटर’ची, शक्यता वाढते. फ्लटर एकदा सुरू झाले की एलेरॉन तुटून जायला एक-दोन सेकंदही पुरतात.

सर्वो किती ताकदीचे घ्यावेत?

या वर्गात एलेरॉन आणि एलेव्हेटरसाठी धातूच्या गिअरचे, निदान १५ ते २० किलो-सेंटिमीटर टॉर्कचे डिजिटल सर्वो घ्यावेत आणि रडरसाठी त्याहून जोरकस. थ्रॉटलला साधा सर्वोही चालतो.

मात्र सर्वो ताकदवान असला आणि त्याच्यापुढची जोडणी ढिली असली, तर ती ताकद वाया जाते. सर्वोचा हात ॲल्युमिनियमचा, पुशरॉड (सर्वोचा हात आणि हॉर्न जोडणारी दांडी) जाड आणि दोन्ही टोकांना बॉल लिंक (गोळीचा सांधा) असावी. प्लास्टिकचे क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाचे चिमटे) या आकाराच्या विमानात वापरू नयेत. सर्वो चालू ठेवून पृष्ठभागाची मागची कड दोन बोटांत धरून हलवावी. हातात जो खडखडाट जाणवतो तो कुठून येतो हे बॉल, हॉर्न, सर्वोचा हात आणि सर्वोचे गिअर अशा क्रमाने शोधून काढावे आणि तो जाईपर्यंत पुढे सरकू नये.

हालचाल कमी हवी असेल, तर ट्रान्समीटरमध्ये टक्के कमी करण्याआधी पुशरॉड सर्वोच्या हातावर आतल्या भोकात घ्यावा. टक्के कमी केले की सर्वोच्या फिरण्याचा थोडाच भाग वापरला जातो. त्याची ताकदही अपुरी वापरली जाते आणि बारकावाही. एलेव्हेटरचे दोन अर्धे दोन वेगळ्या सर्वोंवर असतील, तर ते केवळ मध्यावर आणि टोकांवर नव्हे, तर वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर एकसारखे चालतात का, हे मापकाने पाहावे.

स्क्रू आणि बोल्ट सुटू नयेत म्हणून सगळीकडे थ्रेडलॉकर लावावा का?

धातूत जाणाऱ्या धातूच्या प्रत्येक बोल्टला मध्यम ताकदीचा, निळा थ्रेडलॉकर लावावा. त्याआधी बोल्टवरचे तेल पुसून टाकावे, नाहीतर तो धरत नाही. प्लास्टिकला तो लागू देऊ नये, कारण अनेक प्लास्टिकना त्यामुळे तडे जातात. लाकडात जाणाऱ्या स्क्रूसाठी युक्ती वेगळी आहे: स्क्रू एकदा फिरवून बाहेर काढावा, भोकात पातळ सायनोॲक्रिलेटचा थेंब सोडावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग स्क्रू पुन्हा बसवावा. आतले आटे कडक होतात आणि थरथरीने झिजत नाहीत.

इंजिन बसवताना कोणती काळजी घ्यावी?

बहुतेक किटमध्ये फायरवॉलला उजवीकडे दोन-तीन अंशांचा कल मुळातच दिलेला असतो आणि त्या हिशेबाने इंजिनाचा मध्य थोडा बाजूला आखलेला असतो, म्हणजे स्पिनर (प्रॉपेलरच्या मध्यावरची टोपी) काउलच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) बरोबर मध्यात येतो. ती आखणी ‘चुकली आहे’ असे वाटून दुरुस्त करण्याचा मोह अनेकांना होतो; तो आवरावा.

फायरवॉलपासून प्रॉपेलरच्या बैठकीपर्यंतचे अंतर पुस्तिकेत दिलेले असते. कमी पडल्यास ॲल्युमिनियमचे स्टँडऑफ घालावेत. वॉशरच्या चळती रचून ते भरून काढू नये. बोल्टमागे रुंद वॉशर लावावेत, नाहीतर डोके प्लायवूडमध्ये रुतत जाते आणि बोल्ट न फिरताच ढिला पडतो. थ्रॉटलचा पुशरॉड नायलॉनचा किंवा अन्य वीज न वाहणाऱ्या पदार्थाचा असावा, म्हणजे इग्निशनचा विद्युत गोंगाट इंजिनातून रिसीव्हरकडे येणार नाही.

एक बारीक गोष्ट बरेचदा राहून जाते. या इंजिनांच्या वॉल्ब्रो पद्धतीच्या कार्ब्युरेटरवर आतल्या लवचिक पडद्याच्या (डायफ्रॅमच्या) झाकणात एक लहान छिद्र असते. काउलच्या आत शिरणाऱ्या वाऱ्याचा दाब त्या छिद्रावर कमी-जास्त झाला, तर जमिनीवर सुरेख चालणारे इंजिन हवेत अडखळते. त्या झाकणावर छोटी नळी बसवून तिचे दुसरे टोक धडाच्या आत, शांत हवेत सोडल्यास तो त्रास मिटतो.

काउलला किती भोके पाडावीत?

हवा बाहेर पडण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा दुप्पट-तिप्पट मोठी असावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आत आलेल्या हवेला सिलिंडरच्या पात्यांमधूनच जावे लागेल अशी पातळ प्लायवूडची किंवा बाल्साची आडभिंत काउलमध्ये बसवावी. नुसते पुढून मोठे तोंड उघडले की हवा सोपी वाट धरते आणि इंजिन तापतच राहते.

जुन्या ग्लो इंजिनाच्या (मिथेनॉलच्या इंधनावर चालणाऱ्या) विमानाची टाकी व नळ्या चालतील का?

नळ्या मुळीच चालणार नाहीत. सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते, मऊ पडते आणि शेवटी सुटते. टाकीची बाटली बहुधा चालते, पण तिचे रबरी बूच पेट्रोलला टिकणारे घालावे लागते. नळीसाठी पेट्रोलसाठीच बनवलेली टायगॉन किंवा व्हायटॉन वापरावी. टाकीच्या आत व्हायटॉन अधिक बरी, कारण टायगॉन काही काळाने ताठ होते आणि ताठ नळीचे वजनदार टोक इंधनामागे फिरत नाही.

आतली नळी इतकी लांब असावी की टोक टाकीच्या मागच्या भिंतीला न टेकता चारी अंगांना सहज फिरेल. टाकी हातात धरून उलटी, उभी, आडवी करून पाहावी. पितळी नळीच्या टोकाला डाग देऊन छोटी कड करावी आणि प्रत्येक जोडावर केबल टाय किंवा तारेचा फास घालावा. हवेची नळी टाकीच्या वरून वळसा घेऊन धडाच्या तळाशी बाहेर काढावी, म्हणजे नाक खाली करून उभे असताना पेट्रोल वाहून जाणार नाही.

टाकी गुरुत्वमध्याजवळ ठेवावी. कार्ब्युरेटरचा स्वतःचा पंप इंधन लांबूनही ओढून घेतो, त्यामुळे ती इंजिनाला चिकटून ठेवण्याचे कारण उरत नाही आणि टाकी रिकामी होत गेली तरी विमानाचा तोल बदलत नाही. ५० सीसीला ४५० ते ५०० मिलिलिटरची टाकी नेहमीच्या उड्डाणास पुरते.

इग्निशन आणि रिसीव्हर यांत किती अंतर असावे?

निदान ३० सेंटिमीटर, आणि शक्य तेवढे अधिक. इग्निशनची पेटी, तिची बॅटरी आणि तिचे स्विच नाकाकडे ठेवावेत. रिसीव्हर आणि त्याच्या बॅटऱ्या पंखाच्या नळीमागे (धडातून आरपार जाऊन दोन्ही पंख पेलणारी ती नळी). इग्निशनची बॅटरी वेगळी असावी आणि ट्रान्समीटरवरून इग्निशन बंद करण्यासाठी ऑप्टिकल किल स्विच बसवावा. त्यात दोन परिपथ प्रकाशाने जोडलेले असल्याने तारेतून गोंगाट येत नाही. हे स्विच आम्ही ऐच्छिक मानत नाही. थ्रॉटलची जोडणी सुटल्यास पूर्ण वेगात फिरणारे इंजिन थांबवण्याचा दुसरा मार्ग नसतो.

स्पार्क प्लगची टोपी शेवटपर्यंत दाबून बसवावी आणि प्लग टोपीबाहेर असताना इग्निशन कधीही चालू करू नये, त्याने पेटी निकामी होऊ शकते. वायरीवरची धातूची जाळी काउलच्या किंवा कार्बनच्या कडेला घासत नाही ना, हे पाहावे.

बॅटऱ्या कोणत्या?

रिसीव्हरसाठी दोन बॅटऱ्या, दोन स्विच. दोन सेलची लायफे (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी ६.६ व्होल्टची असते आणि ती बहुतेक सर्वोंना थेट देता येते. दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्ट देते. सर्वो त्या दाबाला चालणारे नसतील, तर मध्ये रेग्युलेटर लागतो. बॅटऱ्या फोममध्ये गुंडाळून वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधाव्यात.

एवढ्या जड विमानाचा गुरुत्वमध्य कसा पाहावा?

बोटांवर उचलून तो दिसत नाही. ॲरोबॅटिक विमानांत तो बहुधा पंखाच्या नळीच्या आसपासच असतो, म्हणून पंख काढून, धड नळीपाशी मजबूत दोरीने लटकवावे. पण अंतिम आकडा पुस्तिकेचाच धरावा. टाकी रिकामी, बॅटऱ्या, प्रॉपेलर, स्पिनर आणि काउल जागच्या जागी, अशी स्थिती असली पाहिजे. पहिल्या उड्डाणासाठी दिलेल्या मर्यादेच्या पुढच्या टोकाला राहावे. नाक जड असलेले विमान आळशी उडते, शेपूट जड असलेले हातात राहत नाही.

प्रॉपेलर कोणता घ्यावा आणि तो कसा बसवावा?

५० सीसीसाठी २२×८ किंवा २३×८ हे नेहमीचे माप. बोल्टची भोके जिगमधूनच पाडावीत, हाताने आखून नव्हे. बॅलन्सरवर तोल पाहावा आणि जड पात्याच्या मागच्या अंगाला हलके घासून किंवा हलक्या पात्यावर लॅकरचा हात देऊन तो जमवावा. लाकडी प्रॉपेलर दाबाखाली आकसतो, म्हणून पहिल्या काही उड्डाणांनंतर त्याचे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात.

पेट्रोलमध्ये तेल किती मिसळावे?

इंजिनाच्या उत्पादकाने जे सांगितले असेल तेच. बरेच जण इंजिन मुरण्याच्या काळात ३२ ला १ म्हणजे एका लिटरला सुमारे ३१ मिलिलिटर, आणि नंतर सिंथेटिक तेलावर ४० ला १ म्हणजे २५ मिलिलिटर असे प्रमाण ठेवतात. तेल टू-स्ट्रोकचेच हवे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा धरते आणि पडदे ताठ करते, त्यामुळे काही आठवडे उड्डाण होणार नसेल तर टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधले इंधन संपेपर्यंत इंजिन चालवावे.

इंजिन पहिल्यांदा सुरू करताना काय करावे?

आधी रेंज तपासावी, इंजिन बंद असताना आणि नंतर चालू असतानाही. दोन्ही वेळचे अंतर जवळपास सारखे आले पाहिजे. सिग्नल तुटल्यास थ्रॉटल बंद होईल असा फेलसेफ लावलेला असावा, आणि ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून तो खरोखर चालतो का, हे पाहावे.

मग शेपूट जमिनीत रोवलेल्या खुंटाला बांधावी आणि एका माणसाने ती धरावीही. चोक बंद, इग्निशन चालू, थ्रॉटल जरासा उघडा, हातात जाड चामडी हातमोजा. प्रॉपेलर फटकारत राहावे. एकदा ‘फट्’ असा आवाज आला की चोक उघडून पुन्हा फटकारावे. बहुतेक वेळा त्यानंतर काही फटक्यांत इंजिन धरते. प्रॉपेलरच्या फिरण्याच्या पातळीत कुणीही उभे राहू नये आणि कार्ब्युरेटरच्या मिश्रण ठरवणाऱ्या सुया फिरवायच्या त्या मागून. आधी लो (कमी वेगाच्या) सुईने आयडल आणि थ्रॉटल उघडतानाची चढण सुरळीत करावी, नंतर हाय (जास्त वेगाच्या) सुईने सर्वाधिक आरपीएम गाठून ती थोडी उघडावी, म्हणजे मिश्रण किंचित समृद्ध राहील.

असे विमान कुठेही उडवता येते का?

नाही. आपल्या देशातले वजनाचे, नोंदणीचे आणि उंचीचे नियम, क्लबचे नियम आणि विमा हे सारे किट मागवण्यापूर्वी पाहावे. पहिल्या उड्डाणाच्या वेळी अशी विमाने उडवण्याचा सराव असलेला माणूस शेजारी असावा.

पहिल्या उड्डाणानंतर काय तपासावे?

काउल काढावे. इंजिनाचे, मफलरचे आणि प्रॉपेलरचे बोल्ट हाताने आवळून पाहावेत. मफलरचे सर्वांत आधी ढिले होतात, कारण ते तापतात आणि निवतात. फायरवॉलच्या कोपऱ्यांवर पांढरी रेघ उमटली आहे का, टाकीच्या नळ्या कुठे घासल्या आहेत का, आणि प्रत्येक पृष्ठभागात नवा खडखडाट आला आहे का, हे त्याच दुपारी पाहावे. अशीच तपासणी दुसऱ्या आणि तिसऱ्या उड्डाणानंतरही करावी, आणि त्यापुढे प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी, टाकी भरण्याआधी.